तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मंगळवार, अकरा फेब्रुवारी. सकाळचे सव्वादहा. हजर: डॉक्टर शेटे मॅडम, मी, खुर्चीत तोंड उघडून बसलेले एक निवृत्त मास्तर, बाहेरच्या बाकावर तीन पेशंट, आणि दोन कवळ्या पोचवायला आलेले लॅबवाले रफिकभाई. फोन ठेवल्यावर मी वहीत पहिल्यांदा हेच लिहिलं. का लिहिलं ते पुढे कळेल. फोन होटगीहून होता, सिद्धारामच्या वडिलांचा. ते रेल्वेत ट्रॅकवर काम करतात, पंधरा वर्षांत माझ्याशी पंधरा वाक्यं बोलले नसतील. "बाई, सिद्धू गेला," एवढंच म्हणाले. मग, "परवाची येळ त्याची होती न्हवं, ती दुसऱ्या कुनाला द्या." मी "बरं" म्हणाले. सवयीने गुरुवारचं पान उघडलं, अकरा वाजताच्या ओळीवर पेन टेकवलं, आणि तिथेच थांबले. ती ओळ आजही तशीच आहे.

सात रस्त्याजवळच्या या दातांच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं मदतनीस आहे. वेळा देणं, हत्यारं उकळणं, पेशंटचं डोकं धरणं, फायली लावणं, ही माझी कामं. याद्या करण्यावरून मॅडम मला चिडवतात, घरचेही चिडवतात, पण याद्यांशिवाय मला सुचत नाही. सिद्धारामची फाईल आमच्याकडची सर्वांत जाड फाईल. तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता.

तो पहिल्यांदा आला तेव्हा सात वर्षांचा. आई महादेवी त्याला कडेवर घेऊन आली होती. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, मान मागे ताणलेली, खालच्या ओठाचा डावा कोपरा नाहीसा झालेला. दोन्ही कोपरांवर वर्तमानपत्राच्या जाड नळ्या गुंडाळून वरून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करकचून बांधल्या होत्या, त्यामुळे हात काठीसारखे ताठ. मी ते पाहिलं आणि तिच्यावर बरसले. "असं बांधतात का लेकराला? गुन्हेगार आहे का तो?" तिने "नगं बाई, नगं, सोडू नगा," म्हणत माझं मनगट धरलं. पण मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, आणि दवाखान्यात आलेल्या आयांना काही कळत नाही हे माझं ठाम मत होतं. मी उजव्या हाताची पट्टी सोडली. हात सुटला तो थेट तोंडात गेला. त्याने तर्जनी दाढेखाली धरली आणि चावायला लागला. तो रडत होता, घाबरून माझ्याकडे बघत होता, आणि बोट तसंच दातांत धरून ओरडत होता, "बांधा! बांधा की!" मॅडमनी दाढांमध्ये रबरी ठोकळा सरकवेपर्यंत उशीर झाला होता. त्या बोटाचं वरचं पेर परत जोडता आलं नाही. मी पट्टी पुन्हा बांधली. गाठ बसली, आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की जणू कुणीतरी त्याच्या छातीवरून उठलं. महादेवी मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आजाराचं नाव दोन परदेशी डॉक्टरांच्या आडनावांचं आहे. आम्ही ते फाईलवर लिहिलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही. जन्मतःच शरीरात एक गोष्ट कमी असते, त्यामुळे रक्तात आम्ल साठत जातं, मूत्रपिंडात खडे होतात, अंग वेडंवाकडं ताणलं जातं. गोळीने खडे आटोक्यात राहतात. चावणं गोळीने थांबत नाही. हा आजार मुलग्यांना होतो आणि येतो आईकडून. महादेवीचा सख्खा भाऊ माहेरी वळसंगला नऊ वर्षांचा होऊन गेला होता, बाजेला बांधलेला. त्याला काय झालं होतं हे सिद्धूची पुण्याला तपासणी झाल्यावर घरच्यांना कळलं. त्या दिवसापासून सासरी तिला जे ऐकावं लागलं ते ती एकदाच माझ्याशी बोलली आणि ते मी इथे लिहिणार नाही. लोकांना वाटतं अशा मुलांना दुखत नसेल, म्हणून चावतात. सिद्धूला दुखायचं. आपल्याला दुखतं तेवढंच. स्वतःच्या दातांना तो वाघाला घाबरावं तसा घाबरायचा. फक्त दात आणि हात त्याचं ऐकत नव्हते.

जीभही ऐकत नव्हती. ज्याच्यावर जीव त्याला शिवी घालायची, जे हवं ते फेकून द्यायचं, हा त्याच आजाराचा भाग. मला तो पहिल्यापासून "म्हातारे" म्हणायचा. "ए म्हातारे, मरत का न्हाईस अजून?" शब्द जड यायचे, पण हे वाक्य मात्र स्वच्छ. मी एकदा महादेवीकडे तक्रार केली तर ती हसली. "तुमच्यावर लई जीव हाय त्याचा. मला तर ह्याच्याहून घान घान शिव्या देतो की." आणि वळून त्याला म्हणाली, "व्हय रं, बाईला बोलतोस व्हय?" तो खुशीत येऊन तिच्याच अंगावर थुंकला.

अचानक कुणी समोर आलं, दार वाजलं, भांडं पडलं, की तो चावायचा. म्हणून त्याच्या भेटीसाठी मी एक पद्धत बसवली. त्याची वेळ सकाळी अकराची, बाहेर पेशंट नकोत, यंत्रं आधीच सुरू करून ठेवायची, आणि तो खुर्चीत बसला की मी वही उघडून हजेरी घ्यायची. खोलीत कोण आहे हे त्याला कळलं पाहिजे, बस. "डॉक्टर मॅडम?" मॅडम मास्कमधून म्हणायच्या, "हजर." "रफिकभाई?" "हजर, जनाब." "अव्वा?" महादेवी पदर सावरत म्हणायची, "हाय की." "सिद्धाराम?" आणि तो सगळी ताकद एकवटून ओरडायचा, "गैरहजर!" दर वेळी हेच, आणि दर वेळी आम्ही सगळे हसायचो. 'गैरहजर' म्हणाला म्हणजे दिवस चांगला. काहीच म्हणाला नाही तर त्या दिवशी मॅडम त्याच्या तोंडात आरसासुद्धा घालत नसत. महादेवीला चहा देऊन परत पाठवायचो.

काम एकच होतं. त्याच्या दातांवर बसेल असं मऊ, जाड आवरण करायचं, म्हणजे दात ओठात रुतणार नाहीत. त्यासाठी आधी माप. गुलाबी पेस्ट भरलेला ट्रे तोंडात मिनिटभर धरायचा, त्या मिनिटात त्याने गुदमरू नये, ट्रे तोडू नये, आणि मॅडमची बोटं शाबूत राहावीत. एकदा राहिली नाहीत. मॅडमच्या अंगठ्यावर अजून त्याच्या चार दातांचा अर्धगोल आहे. त्या दिवशी तो घरी जाईपर्यंत "सॉरी, सॉरी" म्हणत रडत होता, आणि मॅडम टाके पडलेला अंगठा उंच धरून त्याला सांगत होत्या, "अरे, एवढा सुंदर चावा माझ्या आयुष्यात कुणी घेतला नाही." मापावरून प्लॅस्टरचा साचा, आणि साच्यावर आवरण, हे रफिकभाई विजापूर वेशीतल्या त्यांच्या छोट्या लॅबमध्ये करायचे. ते दर वेळी न सांगता एक जास्तीचं करून आणत. "ताई, इस बच्चे का जबडा मेरेकू जबानी याद है," असं म्हणायचे. तरी आवरण आठ-दहा महिन्यांत फाटायचं. मग पुन्हा माप, पुन्हा साचा. असे एकोणीस साचे माझ्या कपाटात आहेत, प्रत्येकावर तारीख.

आवरणामुळे चावणं कमी झालं, थांबलं नाही. ते काढून दात घासावे लागायचे, जेवण भरवावं लागायचं, आणि तेवढ्यात व्हायचं ते व्हायचं. विसाव्या वर्षापर्यंत खालचा ओठ जवळजवळ संपला होता. दात मात्र उत्तम. एकही किडलेला नाही. महादेवी पळीच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो त्याच्या दाढांत धरायची आणि दुसऱ्या हाताने दिवसातून तीनदा दात घासायची. मॅडमनी शाबासकी दिली की तिचा चेहरा खुलायचा. "लेकराचं बाकी काय धड न्हाई, पर दात बगा की कसे हायत. मोत्यावानी." घरात कुणी आलं तर ती त्याचा ओठ नव्हे, दात दाखवायची. असे दात या सबंध होटगीत कुणाचे नाहीत, असं सांगायची.

या आजारात दात काढून टाकणं हा एक उपाय असतो, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बऱ्याच ठिकाणी तोच करतात. मॅडमची त्याला तयारी नव्हती. पुरी भूल द्यावी लागेल, त्याच्या मानेला, छातीला, मूत्रपिंडांना ती झेपेल का. दात काढूनही तो हिरड्यांनी चावत राहिला तर काय. आणि निरोगी दात एकदा काढले की काढले. मीही त्यांच्याच बाजूची. किंबहुना त्यांच्यापेक्षा जास्त. एकोणीस साचे ओळीने लावलेले पाहिले की मला वाटायचं, बघा, आपण एवढं तरी वाचवलं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मॅडम म्हणाल्या, "मंगलताई, तो आता मोठा माणूस आहे. त्याला कुणी विचारलंच नाही." पण त्याला विचारायचं कसं? जो माणूस हवं ते नको म्हणतो, नको ते हवं म्हणतो, त्याचं कोणतं उत्तर धरायचं? एक गोष्ट आम्हाला अनुभवाने ठाऊक होती. हात बांधलेले असले आणि तोंडात आवरण असलं की तो उलटं बोलत नसे. तेव्हा त्याला स्वतःची भीती उरत नसे. म्हणून मी नियम केला: हात बांधल्यावर विचारायचं, आई बाहेर असताना विचारायचं, आणि तीन वेगवेगळ्या भेटींत विचारायचं. तिन्ही उत्तरं एकच आली तर ते त्याचं उत्तर. फाईलला एक कार्ड जोडलं, त्यावर तीन चौकटी आखल्या. तारीख, उत्तर, सही. आईला तोवर काही सांगायचं नाही, उगाच तिचा जीव टांगणीला नको. हा नियम माझा होता, मॅडमचा नव्हता. हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने एक क्षणही घेतला नाही. "काढा. सगळे." मॅडम म्हणाल्या, "का रे?" तो म्हणाला, "मी झोपतो. ते झोपत न्हाईत." मी चौकटीत 'काढा' लिहिलं आणि मला वाटलं, आज त्याचा दिवस वाईट असेल.

दुसऱ्यांदा डिसेंबरमध्ये. त्या दिवशी हजेरीला एक विचित्र गोष्ट झाली. मी "सिद्धाराम?" म्हटलं आणि तो हळूच म्हणाला, "हजर." पंधरा वर्षांत पहिल्यांदा. कुणी हसलं नाही. महादेवीला बाहेर बसवून मॅडमनी विचारलं. उत्तर तेच, "काढा." मग तो माझ्याकडे मान वळवायचा प्रयत्न करू लागला. मान त्याच्या ताब्यात नव्हती, म्हणून मीच वाकून त्याच्या समोर गेले. "म्हातारे," तो म्हणाला, "अव्वाला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल उलटं बोलतोय." मी विचारलं, "काय सांगू?" तो बराच वेळ ओठ नसलेल्या तोंडातून शब्द जुळवत राहिला. "दात चांगले हायत म्हनावं. तू लई घासलंस. पर नगं मला."

मी म्हणाले, "सांगते. तिसऱ्यांदा विचारून झालं की लगेच सांगते."

तो घरी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "झालं की ताई आता. आणखी काय विचारायचं? मी भूलतज्ज्ञांशी बोलते." मी अडवलं. "आज हजेरीला 'हजर' म्हणाला. रोज नाही म्हणत. आज सरळ बोलत होता की उलटं, कसं समजायचं? तीन ठरलंय तर तीन होऊ द्या." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. सव्वीस वर्षांत माझ्या याद्या चुकल्या नव्हत्या, त्याचा हा परिणाम.

तिसरी भेट जानेवारीच्या मध्यावर दिली होती. पण संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद, होटगीहून रिक्षा सात रस्त्यापर्यंत येईना. मी पुढची तारीख दिली. मग मॅडमना मुलीकडे जावं लागलं. मग कॉम्प्रेसर बंद पडला, त्याचा माणूस चार दिवस आला नाही. प्रत्येक कारण खरं होतं आणि प्रत्येक वेळी मी ओळ खोडून पुढच्या पानावर व्यवस्थित उतरवून घेतली. शेवटी तेरा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा. महादेवी फोनवर म्हणाली, "चालतंय की. जरा खोकला हाय त्याला, तवर बरा हुईल." गिळताना पाणी छातीत जायचं त्याच्या. हे आधीही झालं होतं आणि आधी तो बरा झाला होता. या वेळी तीन दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवला आणि मंगळवारी पहाटे संपला.

दुपारी आम्ही तिघं होटगीला गेलो. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, नाकाखाली उपरण्याची घडी. त्याला असं सरळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि हात मांडीवर मोकळे. मी दारातच थांबले. माझी नजर कोपरांवर पट्ट्या शोधत होती, आणि खरं सांगायचं तर पुढे होऊन त्या बांधाव्यात असं मला वाटलं... रफिकभाई रुमाल डोक्यावर घेऊन भिंतीशी उभे होते. खिशातून त्यांनी काहीतरी काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. नंतर रिक्षात त्यांनी ते माझ्या हातात दिलं. डिसेंबरच्या मापाचं जास्तीचं आवरण होतं.

महादेवी रडत नव्हती. मला जवळ बसवून तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडं त्याचं तोंड हाय न्हवं पांढरं? एक द्या की मला. फोटोत ओठ दिसतोय त्याचा. त्यात दातच दिसतील नुसते." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "शेवटपतूर एक दात हलला न्हाई बगा. तेवढं तरी केलं मी." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा सांगायला हवं होतं का? आजूबाजूला माणसं होती, माती द्यायची घाई होती. मी नाही सांगितलं.

तिसऱ्या वेळीही तो 'काढा'च म्हणाला असता, याबद्दल मला आता शंका नाही. त्या वेळीही नव्हती. दात काढले असते तर तो जगला असता असं नाही. छातीत पाणी जायचं ते गेलंच असतं, कदाचित भूलच त्याला झेपली नसती. मॅडम मला हे पुन्हा पुन्हा समजावतात. पण ते दोन-तीन महिने तो झोपला असता का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याने दोनदा सांगितलं आणि मी त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावणार होते, कारण मी चौकटी तीन आखल्या होत्या.

रविवारच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहावं असं मॅडमनी सुचवलं तेव्हा मी महादेवीला फोन करून परवानगी मागितली. "लिवा की," ती म्हणाली. "पर दातांचं चांगलं लिवा."

ते लिहिलं आहे. दात खरोखर चांगले होते. पण बाकीचंही लिहिलं आहे, आणि ते तिला पेपरातून कळता कामा नये. सिद्धूचे वडील ट्रॅकवरच्या चौकीत पेपर वाचतात, आपल्या मुलाबद्दल आलंय म्हटल्यावर घरी नेऊन वाचून दाखवतील. आज गुरुवार. माझ्याकडे शुक्रवार आणि शनिवार आहेत. एकोणीस साच्यांपैकी डिसेंबरचा निवडलाय, पुसून, कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलाय, खोकं टेबलावर माझ्या वहीशेजारी आहे. गेले पाच आठवडे प्रत्येक दिवसाच्या यादीत पहिली ओळ तीच आहे आणि रोज मी ती पुढच्या पानावर उतरवून घेते. आजच्या पानावरही आहे: होटगी. साचा देणे. अव्वाला सांगणे.